धर्माजीच्या चाकाची ओबडधोबड कड

जरा वाकून या देवळीत बघा. मूर्ती शोधू नका, ती नाहीच. हे शिसवी चाक म्हणजेच आमच्या हिरडेवाडीचे दैवत. पाहुण्यांना हसू येते, येऊ द्या. गोष्ट ऐकली की थांबते.

तेव्हा नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात गाव अलीकडे अडकायचे आणि पंचक्रोशीतली एकुलती एक सुईण, राधाई, पलीकडे. गावात धर्माजी सुतार राहत असे. त्याची बहीण अशाच एका पुरात बाळंतपणात गेली. राधाई समोरच्या काठावर उभी होती, पण येणार कशी? पुरातून सुईण आणीन तेव्हाच डोक्याला पागोटे बांधीन, अशी शपथ धर्माजीने बहिणीच्या चितेसमोर घेतली म्हणे.

तीन वर्षे तो उघड्या डोक्याने फिरला. शेवटी त्याने दोन्ही काठांच्या वडांना अंबाडीचा जाड दोर ताणला, त्यावर हे खाचेचे चाक चढवले आणि चाकाखाली पाळणा टांगला. दोन्हीकडून ओढायला दोऱ्या. चैत्रात भाताची पोती पाठवून पाहिली, ती सुळकन पार झाली. तो स्वतः मात्र कधी बसला नाही. हा गडी पाण्याला भलताच भ्यायचा. त्यात लपवायचे काय? मी त्याच्याच वंशातला, मीही भितो.

त्याच श्रावणात त्याची लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नदी दुथडी भरलेली आणि पोरीला कळा सुरू झाल्या. पलीकडून राधाई ओरडली, "पोती न्हेलीस, मान्सं न्हाईत! आदी तू हिकडं ये धर्मा, मंग मी बसते!"

धर्माजी डोळे घट्ट मिटून पाळण्यात बसला, असे सांगतात. ऐन मधोमध चाक अडले. चैत्रातला कोरडा दोर पावसाने फुगून खाचेत गच्च रुतला होता. ना पुढे, ना मागे. तेव्हा त्याने डोळे उघडले. दोराला पायांची मिठी घालून उलटा लोंबकळला, कमरेची पटाशी काढली आणि त्या रोंरावणाऱ्या पाण्यावर खाचेची एक कड तासत सुटला. चाक फिरले. राधाई आली, तुळसा सुटली, आणि नातवाला मांडीवर घेऊन धर्माजीने पागोटे बांधले. पुढे सात गावांनी त्याच्याकडून पाळणे करून घेतले. प्रत्येक ठिकाणी तो आधी दोर भिजवायचा आणि पहिला स्वतः बसायचा.

आजही इथे काहीही नवे बांधले, की त्यावर पहिला पाय बांधणाऱ्याचा. समोरचा सिमेंटचा पूल झाला तेव्हा इंजिनियरसाहेबांना आम्ही भर पावसात एकटे चालायला लावले. आधी चिडले, मग गोष्ट ऐकून मुकाट चालले.

आता चाकावर बोट फिरवा. ही कड गुळगुळीत लागते ना? ती त्याने घरी बसून, सवडीने केली. ही दुसरी ओबडधोबड आहे, ती पुरावर लटकून केलेली. पहिल्यांदा राधाई बसली असती, तर मधोमध अडकूनच राहिली असती; तिच्या कमरेला पटाशी नव्हती. म्हणून आजही आमच्या लेकीसुना बाळंतपणाआधी इथे येतात आणि कुंकू लावतात ते या ओबडधोबड कडेलाच.