म्हाळूची जीप आणि पोटातलं पाणी

एका गावात एक भोळा जीपवाला होता. त्याचं नाव म्हाळू. भोळा म्हणायचं ते आपलं त्याच्या आईच्या कानावर जाऊ नये म्हणून; गावात त्याच्यासाठी वेगळाच शब्द होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. एकदा आई म्हणाली, "चुलीवरच्या दुधावर नजर ठेव रं, उतू जाईल." म्हाळूने नजर ठेवली. दूध उतू गेलं, तेही त्याने शेवटच्या थेंबापर्यंत पाहिलं.

त्याची जीप जुनी होती. खड्ड्यातून गेली की माणसं छताला लागायची. सपाट रस्त्यावरून गेली तरी छतालाच लागायची.

त्याची बायको कौसा बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. बारशाच्या दिवशी म्हाळूने हौसेने सासऱ्यांना जीपमधून बाजाराला नेलं. जाताना सासऱ्यांची कवळी तोंडात होती. येताना ती खिशात होती, आणि तीही अर्धीच.

सासरे म्हणाले, "जावईबापू, पोटातलं पानी हलनार न्हाई अशी गाडी करा. मगच लेक आन नात पाठवीन. भादव्याच्या पुनवेच्या आत या. पुढं पितृपंधरवडा लागतो, त्यात लेक धाडायची न्हाई. मग एकदम दिवाळीच!"

म्हाळूचा जीव कासावीस झाला. पोरीला त्याने एकदाच मांडीवर घेतलं होतं. तिने त्याचं बोट मुठीत धरलं होतं. ते बोट तो अजून जपून वापरायचा.

आधी त्याने सोपा उपाय केला. पोटात पाणीच नसलं तर हलणार काय? त्याने पाणी पिणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घेरी आली आणि जीप बांधावर चढली. तेव्हा कुठे तो फाट्यावरच्या बशीर मिस्त्रीकडे गेला. पुनवेला आठ दिवस उरले होते.

बशीर मिस्त्री जीपखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मागचे पाटे गेलेत."

"कुठं गेलेत?" म्हाळू म्हणाला.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. हाताचं काळं कपाळाला लागलं. "अरे, खराब झालेत. चांगली जोडी घेऊन ये. बसवून देतो."

म्हाळू घरी आला. आई पाट्यावर चटणी वाटत होती. म्हाळूने चटणी बाजूला काढली, पाटा उचलला, वरवंटा काखेत मारला. जोडी झाली. आई ओरडत मागे धावली, पण जीप निघाली होती.

मिस्त्रीने पाटा पाहिला. वरवंटा पाहिला. लसणाचा वासही आला.

"अरे भल्या माणसा, घरातला पाटा नव्हे! गाडीला तोलून धरतो तो लोखंडी पाटा. गाडीखाली असतो. गाडीचं सगळं काम खाली असतं, खाली! एवढं ध्यानात ठेव."

"चुकलंच माझं. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो," म्हाळू म्हणाला.

आणि त्याने ठेवलं. तिथेच तर घोटाळा झाला.

मिस्त्रीने स्वतः पाटे आणून बसवले. म्हणाला, "नवे पाटे कडक असतात. गाडी रिकामी असली की उडते. दोन दिवस वाळूची सहा पोती टाकून ठेव. पाटे बसतील, मग गाडी मऊ चालेल."

म्हाळूला आठवलं, गाडीचं काम खाली असतं. त्याने जॅक लावून जीप वर उचलली आणि सहाच्या सहा पोती जीपच्या खाली सारली. जॅक काढला. जीप पोत्यांवर बसली, चाकं अधांतरी राहिली. म्हाळू आत बसला आणि चालू केली. चाकं गरगरा फिरू लागली. ना हादरा, ना धक्का. पोटातलं पाणी हललं नाही!

त्याला इतका आनंद झाला की तो तसाच सासरवाडीला निघाला. तासभर गाडी हाकली. डाव्या वळणाला डावीकडे वळवली, ओढ्यापाशी हळू केली, म्हशी दिसल्या की हॉर्न वाजवला. म्हशी शेजारच्या गोठ्यातल्याच होत्या. सासरवाडी आली असेल या बेताने तो उतरला आणि दारातल्या बाईंना वाकून नमस्कार केला.

"मामी, बऱ्या हायसा ना?"

"म्हाळ्या, मी तुझी आई हाय," आई म्हणाली.

मिस्त्री येऊन पोती बघून गेला आणि जाताना ओरडून गेला. "वजन खाली नाही, वर टाकायचं! खाली नाही, वर!"

"चुकलंच माझं. पुढच्या टायमाला ध्यानात ठेवतो."

दोन दिवस पोती जीपमध्ये राहिली. पाटे बसले. गाडी बरीच मऊ झाली, पण करकरू लागली. मिस्त्री म्हणाला, "पाटे कोरडे आहेत. ग्रीस लाव. भरपूर लाव, कंजुषी करू नको."

खाली नाही, वर! म्हाळूने डबाभर ग्रीस घेतलं आणि सगळ्या सीटांवर हाताने चोपडलं. कंजुषी अजिबात केली नाही. आईला म्हणाला, "बस, गुळगुळीत केलीय." आई बिचारी सुनेच्या ओढीने बसली. मारुतीच्या देवळाच्या वळणावर म्हाळूने गाडी वळवली. गाडी वळली, आई सरळ गेली. मागच्या उघड्या बाजूने ती कडब्याच्या गंजीत जाऊन बसली. लागलं काही नाही. मात्र तिने तिथूनच जे तोंड सोडलं ते देवळातल्या पुजाऱ्याने कानात बोटं घालून ऐकलं.

मिस्त्री म्हणाला, "अरे, जिथून आवाज येतो तिथं ग्रीस लावायचं!"

"चुकलंच माझं. पुढच्या टायमाला..."

"नको! ध्यानात काही ठेवू नको!" मिस्त्रीने हात जोडले.

मग मिस्त्रीने जीपच अडकवून ठेवली. पाट्यांना ग्रीस लावलं, झिजलेले रबरी बुश काढून नवे घातले, शॉकअप बदलले, सीटा पुसून काढल्या. पुनवेच्या सकाळी जीप बाहेर आली ती पाण्यावरच्या होडीसारखी.

"आता शेवटचं सांगतो," मिस्त्री म्हणाला. "तांब्या काठोकाठ भर. मागच्या सीटवर चुंबळीवर ठेव. सासरवाडीपर्यंत थेंब सांडला नाही, तर बाळंतिणीला खुशाल बसव. सांडला, तर मुळीच बसवू नको. माझ्याकडे ये."

म्हाळू निघाला. सहा कोसांना त्याने चार तास लावले. एक बैलगाडी त्याला मागे टाकून गेली. पण थेंब सांडला नाही.

सासऱ्यांनी तांब्या पाहिला. सीटवर हात फिरवून पाहिला. कोरडी! "वा, जावईबापू! शाब्बास!" जन्मात पहिल्यांदा म्हाळूला कोणी शाब्बास म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. कौसा तयारच होती. डिंकाच्या लाडवांचा डबा, दुपटी, बाळुतं, सगळं बांधून झालं होतं. पोर म्हाळूच्या मांडीवर आली आणि तिने तेच बोट पुन्हा धरलं.

मग ती रडू लागली. म्हाळूने आवाज कुठून येतो ते नीट पाहिलं आणि जीपमध्ये ठेवलेल्या ग्रीसच्या डब्याचं झाकण उघडलं. सासूबाईंनी डबा हिसकावून उकिरड्यावर फेकला.

अखेर पोरीला कडेवर घेऊन कौसाने जीपच्या पायरीवर पाय ठेवला. जीप इवलीशी कलली. तांब्यातून टपकन एक थेंब सीटवर पडला.

"थांब!" म्हाळू ओरडला. "सांडलं!"

"अवो, मी चढले म्हनून हललं ते," कौसा म्हणाली.

"कशानं का हलंना. सांडलं तर बसवायचं न्हाई."

"अवो, पन..."

"उतर खाली. आधी गाडी तपासून घेतो. पोरीचा जीव हाय."

त्याने तांब्या विहिरीवर काठोकाठ भरून घेतला, चुंबळीवर ठेवला आणि मिस्त्रीकडे निघाला. कौसा पोरीला घेऊन, पिशव्यांच्या मधोमध, अंगणात उभी राहिली.

फाट्यावर मिस्त्रीचं दुकान बंद होतं. म्हाळूने मागे पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला, सीट कोरडी. म्हणजे गाडीत काही खोटच नाही! तो आनंदाने सरळ घरी गेला.

दिवस मावळत होता. आई दारात भाकरतुकडा आणि आरतीचं ताट घेऊन उभी होती. आयाबाया जमल्या होत्या. म्हाळूने ऐटीत जीप थांबवली आणि दोन्ही हातांनी तांब्या उतरवला.

"आये, बघ! एक थेंब सांडला न्हाई!"

आईने जीपमध्ये वाकून पाहिलं. मग जीपच्या मागे जाऊन पाहिलं.

"सून कुठं हाय? नात कुठं हाय?"

"तिकडंच. ती चढली की पानी सांडत हुतं. पर आता गाडी पक्की झाली. आत्ता माघारी जातो, पुनव सरायच्या आत घेऊन येतो."

आईने ताट शेजारच्या एका बाईच्या हातात दिलं. म्हाळूच्या हातातला तांब्या घेतला आणि अख्खा त्याच्या डोक्यावर रिकामा केला.

म्हाळू नखशिखांत भिजला. त्याने रिकाम्या तांब्यात पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"आये, काय केलंस हे! सगळंच सांडलंस की! आता दिवाळीपातुर तिला गाडीत बसवता येनार न्हाई!"