घाई कसली!

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. तेव्हा तट्टांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकून न ऐकल्यासारखं करता येत होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. यातली दुसरी गोष्ट अजून बदललेली नाही.

त्या काळी एका राज्यात एक कासार राहत असे. राहत असे म्हणजे काय, हिंडतच असे. तो, त्याची बायको साळू, सहा वर्षांची लेक आणि बांगड्यांच्या पेट्या वाहणारं एक म्हातारं तट्टू, असं चौघांचं बिऱ्हाड. गावोगाव जायचं, बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या आणि पुढचा रस्ता धरायचा.

साळूचा हात फार हलका. बांगडी मनगटावर कधी चढली, ते बाईला कळतसुद्धा नसे. तिचं बोलणंही तसंच हलकं. बांगडी फुटली तरी कासारीण ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणते. साळूला सगळंच असं बोलायची सवय लागून गेली होती. कुणाला लागेल असा शब्द तिच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता.

आश्विन महिना लागला आणि एका मेंढपाळाच्या तोंडून साळूच्या भावाचा निरोप आला.

“आईच्या हातात बांगड्या राहत नाहीत. मनगटं इतकी वाळलीत की आपोआप गळून पडतात. दुसऱ्या कुणाकडून भरून घेत नाही. म्हणते, साळूच्याच हातून भरीन. लवकर ये.”

न सांगितलेलंही साळूला सगळं कळलं. वडील हयात होते. आईला सवाष्णीच्या भरल्या हातांनी जायचं होतं आणि ते हात लेकीनं भरायला हवे होते. तिनं पेटीतून बारा हिरव्या बांगड्या निवडल्या. आईच्या आताच्या मनगटासाठी म्हणून लहान मुलीच्या मापाच्या निवडल्या. त्या फडक्यात गुंडाळून कमरेला बांधल्या आणि नवऱ्याला म्हणाली, “चला.”

माहेर सहा दिवसांच्या वाटेवर होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती माणसं डोंगरमाथ्यावरच्या एका लहानशा गावात पोचली. आता फक्त दोन दिवस राहिले होते.

गाव कसं होतं म्हणता? तुम्हीसुद्धा तिथून हलला नसता. पाऊस सरून आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. उतारांवर सोनकीची पिवळी फुलं पसरली होती. दगडी पायऱ्यांच्या आळ्या, छपरांवर वाळत घातलेली नाचणीची कणसं, चुलींचा धूर आणि दारादारांत हसणारी माणसं. कासाराचं तट्टू वेशीत दिसलं मात्र, पोरं धावत सुटली, “आले! आले! वाटसरू आले!”

त्या गावची एक रीत होती. नवं धान्य घरात आलं की त्याचा पहिला घास गावकरी खात नसत. वाटेनं येणारा पहिला वाटसरू त्या आळीत बसून जेवला, की मगच त्या आळीतल्या चुलींवर नवं धान्य चढे. गावात आळ्या अकरा. एका आळीत जेवायचं तर साऱ्या आळ्यांत जेवायचं. त्या वर्षीचे पहिले वाटसरू म्हणजे आपलं हे कासाराचं कुटुंब.

गावातली सगळ्यात वडीलधारी बाई होती पाटलीणआजी. तिनं त्यांचे पाय धुतले, पान मांडलं आणि वाढण्याआधी हात जोडून विचारलं, “पाहुण्यांना घाई नाही ना?”

कमरेच्या बांगड्या साळूला टोचल्या. पण सणाच्या पानावर मरणाची गोष्ट कशी काढायची? समोर पंचवीस माणसं भुकेली उभी. पोरांचे डोळे वाफाळत्या भाताकडे लागलेले. तिनं मान खाली घातली आणि हसून म्हटलं, “छे हो आजी, घाई कसली!”

आळीत आनंदीआनंद झाला. जेवण झाल्यावर बायकांनी साळूपुढे हात केले आणि साळूनं बांगड्या भरल्या. बांगड्या भरणाऱ्याला नमस्कार करायचा असतो, तसा एकेकीनं केला. साळूला आई आठवली. आई लेकीलाही हात जोडायची. म्हणायची, “आत्ता तू लेक नाहीस, कासारीण आहेस. घे नमस्कार.” ती पुढच्या हाताकडे वळली.

सकाळी ती पेट्या बांधायला लागली, तर दुसऱ्या आळीतली माणसं दारात हजर! पुन्हा पाय धुणं झालं, पुन्हा पान मांडलं गेलं. पाटलीणआजी तिथंही आली आणि तिनं पुन्हा विचारलं, “पाहुण्यांना घाई नाही ना?”

“घाई कसली!” साळू म्हणाली. या खेपेला शब्द आपोआपच आले.

नवरा आणि लेक गाव बघत हिंडत होते. लेकीनं झऱ्याच्या टाक्यात हात घालून मासे धरले आणि सोडून दिले. कासाराला कुणी मध काढायला कड्यावर नेलं, कुणी बुरुजावरून साऱ्या मुलखाचा देखावा दाखवला. त्याला आयुष्यात असा मान कुणी दिला नव्हता. तो फुलून गेला होता. साळूही त्यांच्यामागून पायऱ्या चढत होती, उतरत होती, हो हो म्हणत होती. बुरुजावरून तिला लांब खाली एक निळसर रेघ दिसली. ती तिच्या माहेरची नदी.

“किती सुंदर आहे ना?” शेजारची बाई म्हणाली.

“हो, फार सुंदर,” साळू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तट्टाला दाणे घालायला ती गोठ्यात गेली, तेव्हा ते म्हणालं, “मालकीणबाई, तिकडे आई डोळे लावून पडली आहे. आणि तुम्ही इथे पंगती उठवताय. सांगून टाका की एकदा.”

“असं तोंडावर कसं सांगायचं रे? किती जीव लावतात ही माणसं! त्यांच्या नव्या अन्नावर पाणी पडेल.”

“मला ओझं जड झालं की मी खाली बसतो,” तट्टू म्हणालं. “लोक काय म्हणतील, याचा विचार करत नाही.”

“तुझं बरं आहे. तू तट्टू आहेस.”

“हो, बरंच आहे,” म्हणून तट्टानं दाण्यांत तोंड घातलं.

त्या दुपारी तिनं नवऱ्याला गाठलं. “अहो, निघायला हवं. माझा जीव थाऱ्यावर नाही.”

“मला का कळत नाही? पण चार आळ्यांत जेवलो आणि पाचवीचं पान लाथाडून जायचं? लोक काय म्हणतील? तू सांग पाटलीणबाईंना.”

“मी कशी सांगू? तुम्ही सांगा.”

“बायकांच्या गोष्टी बायकांनीच सांगितलेल्या बऱ्या.”

असं दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि दोघं मिळून पाचव्या आळीत जेवायला गेले.

पण एवढ्यावर साळू गप्प बसली नाही, हे सांगायला हवं. त्या संध्याकाळी तिनं सगळा धीर एकवटला. पाटलीणआजी एकटी कट्ट्यावर बसली होती. साळू तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “आजी, माझी आई वाट बघतेय हो.”

झालं. इतकंच तिला बोलता आलं. यातच आजीनं सारं ओळखावं, असं तिला वाटलं.

आजी गोड हसली. “बघणारच गं बाई! माझी लेक दिवाळीला यायची असते, तर मी महिनाभर आधीपासून याच कट्ट्यावर बसते. वाट बघण्यातही सुख असतं.” मग तिनं साळूच्या हनुवटीला हात लावून विचारलं, “पण तुला घाई तर नाही ना, बाळ?”

त्या क्षणी साळूला रडू आलं असतं, तर फार बरं झालं असतं. पण सवय कुठे जाते? तिच्या ओठांवर हसू आलं.

“छे, आजी. घाई कसली!”

मग सहावी आळी झाली. सातवी झाली. रोज दोन पानं. घास साळूच्या तोंडात फिरत राही, उतरत नसे. आठवी झाली, नववी, दहावी. ती रोज पदराखाली फडकं चाचपून बघे. बांगड्या शाबूत होत्या. तेवढ्यानं तिला उगाच वाटे, म्हणजे अजून उशीर झालेला नाही.

अकराव्या आळीचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सारं गाव त्यांना निरोप द्यायला वेशीत जमलं. बायकांनी ओट्या भरल्या. लेकीच्या गळ्यात सोनकीच्या माळा घातल्या. निघायला पुन्हा तासभर लागला.

पुढचा घाट साळू चालली नाही, धावली. दोन दिवस तिनं कुणाला धड बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती माहेरच्या अंगणात शिरली. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. ओसरीवर वडील भिंतीला टेकून बसले होते. भाऊ पुढे आला, पण तिच्याकडे बघेना.

“कधी?” साळूनं विचारलं.

“काल पहाटे.”

काल पहाटे. वेशीत बायका ओट्या भरत होत्या, तेव्हा.

“हात?” तिनं विचारलं.

वडीलच बोलले. “शेजारणीनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी विनवण्या केल्या. तिनं दोन्ही मुठी आवळून घेतल्या, त्या सोडल्याच नाहीत. म्हणत होती, साळू निघालीय, साळू येतेय. आवळलेल्या मुठीवरून बांगडी कशी चढणार, पोरी? तुला तर ठाऊक आहे.”

साळूला ठाऊक होतं. जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“रिकाम्या हातांनीच गेली,” वडील म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

साळूनं कमरेचं फडकं सोडलं. बारा बांगड्या जशाच्या तशा होत्या. एकही वाढली नव्हती. ती त्या घेऊन रात्र संपेपर्यंत ओसरीवर बसून राहिली.

तेराव्यानंतर ते परत निघाले. वाट त्याच गावातून जात होती. कट्ट्यावरून पाटलीणआजीनं हाक मारली, “आलीस का गं? आई बरी आहे ना?”

तेव्हा साळूनं पहिल्यांदा सरळ बोलून दाखवलं. “आई मेली, आजी. मी इथे जेवत होते, तेव्हा ती मरत होती.”

आजी उठून उभी राहिली. तिच्या हातातली काठी पडली. “अगं, मग बोलली का नाहीस? पाहुण्याला घाई असली, तर आम्ही नव्या धान्याला त्याचा हात लावून घेतो आणि तेवढ्यानं अकराही आळ्यांचं भागतं. मग चार गडी डोली घेऊन आडवाटेनं त्याला दिवसभरात खाली पोचवतात. रीतच आहे ती! म्हणून तर विचारतो आम्ही. प्रत्येक पानावर मी तुला विचारलं गं!”

“मला वाटलं, विचारायचं म्हणून विचारताय.”

“आणि मला वाटलं, तू खरं सांगते आहेस,” आजी म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

साळूला कुणावर तरी रागवायचं होतं. गावावर रागवावं, तर गावानं जीव लावला होता. नवऱ्यावर रागवावं, तर तोही तिच्यासारखाच. रागवायला दुसरं कुणी सापडेना. तिनं तट्टाकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणेल, निदान ‘मी सांगितलं होतं’ असं तरी म्हणेल, असं तिला वाटलं. पण तट्टानं मान खाली घातली आणि ते चालू लागलं. पुन्हा ते कधी बोललं नाही. ऐकायचंच नसेल तर बोलायचं कशाला, असं म्हणून त्याच्या जातभाईंनीही तेव्हापासून बोलणं सोडलं, असं म्हणतात.

वाटेत लेक म्हणाली, “आई, त्या हिरव्या बांगड्या मला येतील.”

येणारच होत्या. तिच्याच मापाच्या होत्या. पण साळूचे हात पुढे झाले नाहीत. पुढे तिनं हजारो बायकांचे हात भरले, आणि ते फडकं मात्र गाठ मारलेलं तसंच राहिलं. वर्षं गेली. लेकीचा हात मोठा झाला आणि त्या बांगड्या कुणालाच येईनाशा झाल्या.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भिडेपोटी परक्याला दिलेला होकार आपल्याच माणसाच्या वाट्यातून जातो.