बहात्तर ठोके

"मग अशा हट्टी मुलीचं करायचं काय, गुरुजी?"

टेकडी चढून आल्या आल्या, दम खाण्याआधीच शशांक कडोलेनं विचारलं.

टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे, आणि देवळामागच्या खोलीत कुंभोजकर गुरुजी राहतात. जन्मभर खालच्या हायस्कुलात त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवलं. शशांक त्यांचाच विद्यार्थी. आता त्याच शाळेत तो तेच विषय शिकवतो. पोरगा हुशार. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

गुरुजी तुळशीला पाणी घालत होते.

"आधी बस तरी."

"बसायला वेळ कुठाय? उद्या सकाळी प्रदर्शन. जिल्ह्याचे साहेब येणार आहेत," असं म्हणत तो बसलाच.

गुरुजींनी तांब्या ठेवला आणि समोरच्या कट्ट्यावर येऊन बसले. ऊन होतं, तरी अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, मनगटापर्यंत बटणं लावलेला.

"कुठली मुलगी?"

"श्रावस्ती कांबळे. सातवीतली. माझा सगळा तक्ता नासवायला निघालीय."

मग त्यानं सगळं सांगितलं. 'आकड्यांचा आठवडा' ही त्याचीच कल्पना. प्रत्येक विषयात आकड्यांचा एक स्वाध्याय. मराठीत कवितेच्या ओळीतली अक्षरं मोजायची. इतिहासात सनावळीवरून कोण किती वर्षं जगलं ते काढायचं. भूगोलात रोजचं तापमान. विज्ञानात स्वतःची नाडी. आणि सगळ्या वर्गाचे आकडे भिंतीवर, रंगीत तक्त्यांवर.

"विज्ञानाचा तक्ता तर बघत राहावा असा झालाय, गुरुजी. बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर... सगळी रेघ सरळ."

"वर्गात आधी सांगितलं होतंस काय, किती येते ते?"

"सांगितलं की. पुस्तकातच आहे, मिनिटाला बहात्तर."

"आणि मग मोजायला लावलीस."

हा प्रश्न होता की काय होतं ते शशांकला कळलं नाही. तो पुढं बोलत राहिला.

"ही एकटी म्हणते, एकशे अठ्ठावीस. म्हटलं, पळत आली असशील, पुन्हा मोज. पुन्हा तेच. सगळ्या वर्गासमोर उभं करून मोजायला लावलं, तर एकशे चौतीस! पोरं हसायला लागली. म्हटलं, घरी जा, शांत बस, आणि बरोबर करून आण. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकशे अठ्ठावीस. वर मलाच म्हणते, 'सर, तेवढंच येतंय की.'"

"तू तिचा हात धरून बघितलास?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, गुरुजी? सगळ्या वर्गाची बहात्तर, हिचीच कशी एवढी असेल? मोजायला येत नाही, दुसरं काय?"

गुरुजींनी पायाशी पडलेलं तुळशीचं पान उचललं.

"शेवटी तिचं नाव काढून टाकलं तक्त्यावरून. पण तिला मोजायला यायला तर पाहिजे. म्हणून उद्याचं प्रात्यक्षिक तिलाच दिलंय. साहेबांसमोर मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि मग नाडी मोजून दाखवायची. सगळ्यांदेखत एकदा फजिती झाली की हट्ट उतरतो."

...

देवळाच्या पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. त्यानं कान हलवला आणि पुन्हा झोपलं.

"एवढं सगळं ठरवून झालंय," गुरुजी म्हणाले, "मग एवढी टेकडी चढून आलास कशाला?"

शशांक हसला. हसू काही जमलं नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. पण कशाबद्दल, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. साहेब येणार म्हणून असेल, असं तो धरून चालला होता.

"तुम्हाला आमंत्रण द्यायला," तो म्हणाला.

गुरुजींनी डावा हात पुढं केला. बाहीचं बटण सोडलं नाही, नुसती बाही बोटभर मागं सारली.

"मोज."

"काय?"

"नाडी. तू शिकवतोस ना?"

शशांकनं तीन बोटं मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडं बघितलं.

काही लागलं नाही.

त्यानं बोटं जरा सरकवली. दाबली. काही नाही. मग काहीतरी लागल्यासारखं झालं. ते गुरुजींचं होतं की त्याच्याच बोटाच्या टोकाचं, कुणास ठाऊक. काटा पुढं चालला होता. गुरुजी त्याच्या तोंडाकडं बघत होते, पूर्वी फळ्यापाशी उभं करून बघायचे तसेच. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. विज्ञानाचा शिक्षक, आणि गुरुजींना सांगणार काय, की मला नाडी सापडत नाही?

मिनिट संपलं.

"बहात्तर," तो म्हणाला.

"नीट मोजलीस?"

"हो, गुरुजी."

"पुन्हा मोज."

पुन्हा मिनिट गेलं. या वेळी त्यानं बोटं हलवलीसुद्धा नाहीत. दोन्ही वेळा तेच सांगितलं तर खोटं वाटेल, एवढाच विचार डोक्यात होता.

"चौऱ्याहत्तर."

गुरुजींनी मान हलवली. मग सावकाश बटण सोडलं आणि बाही कोपरापर्यंत दुमडली. बाहीनं झाकलेल्या भागातून वर एक लांब, पांढुरका व्रण गेला होता.

"बायपास झाली तेव्हा या हातातली रक्तवाहिनी काढून छातीत बसवली डॉक्टरांनी. तेव्हापासून या मनगटाला काही लागत नाही. बोट ठेवून बघणारे सगळे डॉक्टर हेच म्हणतात."

...

शशांकची बोटं अजून तिथंच होती. चटका बसल्यासारखी त्यानं ती उचलली.

ऑपरेशनचं त्याला ठाऊक होतं. त्यानं फोन केला होता. भेटायला मात्र जमलं नव्हतं.

"मग तुम्ही... आधीच का नाही सांगितलंत?"

"तू का नाही सांगितलंस?"

शशांकनं खाली बघितलं. त्याला लाज वाटली, अगदी शाळकरी पोराला वाटावी तशी. सांगायला भीती वाटली, एवढंच खरं होतं. आणि त्याबरोबर एकेक करून त्याच्या वर्गातली पोरं त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मनगट धरून, कपाळाला आठ्या घालून, चोरून त्याच्या तोंडाकडं बघणारी. बहात्तर, सर. एकाहत्तर, सर.

सगळ्यांत शेवटी श्रावस्ती दिसली. वर्गात नव्हे, जिन्यात. मधल्या पायरीवर बसलेली, दप्तर मांडीवर. ती रोज तिथं बसते. त्यानं रोज तिला हटकलं होतं, "काय गं, म्हातारीसारखी बसतेस?" प्रार्थनेला ती रोज शेवटी येते. हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणताना तिला मध्येच श्वास घ्यावा लागतो. हे सगळं त्यानं बघितलं होतं आणि त्याला आळस असं नाव देऊन टाकलं होतं.

तो ताडकन उठला.

"गुरुजी... उद्या सकाळी ती पळणार आहे."

"हं."

"मीच सांगितलंय तिला. पळाली नाहीस तर घरी चिठ्ठी पाठवीन म्हणालो. ती पळेल, गुरुजी. ती नाही म्हणायची नाही."

त्यानं खिशातून फोन काढला. टेकडीवर रेंज नव्हती. तो कट्ट्यावर चढला, हात उंच केला, पुन्हा उतरला. फोन लावायचा तरी कुणाला? तिच्या घरचा नंबर शाळेत होता. घर मात्र ठाऊक होतं, ओढ्यापलीकडं, समाजमंदिराच्या मागं.

"जातो मी. आत्ताच जातो. आईवडिलांना सांगतो, उद्या शाळेत नको, आधी दवाखान्यात न्या म्हणून. मीपण जातो बरोबर."

"प्रदर्शन?"

"राहू दे तक्ता." मग जरा थांबून, "नाही, तक्ता काढूनच टाकतो."

गुरुजी बाही खाली करून बटण लावत होते. एका हातानं ते लागत नव्हतं. शशांकनं पुढं होऊन लावून दिलं.

तो चार पायऱ्या उतरला आणि वळला. माणूस घाबरला की मनाची समजूत घालायला काहीतरी शोधतोच. त्यालाही सापडलं.

"गुरुजी, कदाचित तसं काही नसेलही. वर्गात सगळे हसत होते, पोर भेदरली असेल. आता घरी नीट बसवून, मी स्वतः हात धरून मोजली, तर निघेलही बहात्तर. नाही का?"

गुरुजींनी तांब्या उचलला. तुळशीत थोडं पाणी घालायचं राहिलं होतं.

"निघाली बहात्तर," ते म्हणाले, "तर पुन्हा मोज."