शेरंडीच्या चिंचेचा फेटा

ती चिंच बघताय ना? खोडापासून शेंड्यापर्यंत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लोंबतायत, ती. फोटो काढा, पण हात लावू नका. आमच्या शेरंडीत ह्याला ‘फेटा बांधला’ म्हणतात. हा कालचाच आहे. बिचारा पुण्याचा होता.

आता मुळापासून सांगतो. गोऱ्या साहेबाच्या काळात ह्या डाकबंगल्यावर येसबा चौकीदार होता. त्याची मुलगी हौसा. बापानं तिचं लग्न खालच्या खोऱ्यातल्या इनामदाराशी ठरवत आणलं. दोन बायका पोचवलेला, मिशीला कलप लावणारा माणूस! हौसा रडली, जेवायची थांबली. बाप ऐकेना. मग तिनं वाघजाईला नवस बोलला म्हणे, की हा बाबा परत गेला तर तुझ्या चिंचेला फेटा बांधीन.

मैत्रिणी म्हणाल्या, देवीला ताटकळत कशाला ठेवायचं? आधीच बांधू. पण एवढं कापड आणायचं कुठून? बंगल्याच्या कोठीत साहेबाच्या पेटीत मऊ पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या होत्या. तो कागद कशाचा, हे पोरींना काय ठाऊक! येसबा पाहुण्यांना आणायला घाटात गेला, तेवढ्यात त्यांनी सगळी पेटी झाडावर रिकामी केली.

इनामदार आला, बघतो तर काय, झाड सजलेलं. गडी खूश! ‘आमच्यासाठी एवढा थाट?’ म्हणत त्यानं लांबलचक पट्टी तोडली, पागोट्यावर गुंडाळली आणि वर तुरा काढला. तेवढ्यात साहेब बाहेर आला आणि हसून हसून पायरीवरच बसला.

‘काय झालं रे येसबा?’ इनामदारानं विचारलं.

येसबा हळूच म्हणाला, ‘सरकार, तो कागद साहेब परसाकडला नेतात. पाण्याऐवजी.’

इनामदारानं घोडा वळवला तो थेट खोऱ्यात. पागोटं सोडायचंही सुचलं नाही. तुरा घाटभर फडफडत गेला, असं सांगतात. बाप आठ दिवस हौसाशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यालाही हसू फुटलं.

आजही इथं मुलगी बघायला पाहुणे आले आणि तिच्या मनात नसलं, की मैत्रिणी चिंचेला फेटा बांधतात. पाहुणे पोहे खातात, मुकाट्यानं निघतात. आईबापानं तिला एक शब्द बोलायचा नाही.

मीसुद्धा त्रेचाळीस वर्षांपूर्वी असाच पोहे खायला आलो होतो. चिंचेला फेटा होता, पण अर्धाच. वडील म्हणाले, ऊठ. मी बसून राहिलो.

कागद संपला होता, की हिनंच पोरींना मधे थांबवलं? आजही विचारतो. ही म्हणते, ‘चहा घ्या, निवतोय.’