हाताचा गुण

"आता तरी म्हणा आक्का, माझ्या हाताला गुण आहे की नाही?"

श्रीरंग औटीनं बांधावर पाऊल ठेवायच्या आधीच विचारलं.

हौसाक्का टोमॅटोच्या सरीत खुरपत होती. बाई साधी नव्हे. ती प्लॉटात शिंकली की पांढरी माशी शेजारच्या तालुक्यात जाऊन बसते, असं लोक सांगतात. त्यातलं निम्मं सोडून दिलं, तरी शेजारच्या गावापर्यंत जातेच.

झाडाचा रोग ओळखायला श्रीरंग तिच्या हाताखाली तीन वर्षं शिकला होता. आता तिच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'जाणता'. तो शब्द तिनं एकदा उच्चारला, की माणसाला कुणाच्याही शेतात मुक्तद्वार.

"काय पराक्रम केलास?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नवा रोग धरला! पानं चट्ट्यापट्ट्यांची, फळावर तपकिरी डाग. मोठमोठ्यांना पत्ता नाही, आणि मी धरला." त्यानं खांद्यावरची पिशवी थोपटली. "पान चुरगाळायचं, रस पाण्यात, पाण्यात ही पट्टी. एक रेघ आली तर निरोगी. दोन आल्या की रोग."

"किती गावांत?"

"पहिल्या फेरीत एकाच. तिथून लगोलग पुढची अकरा गावं पालथी घातली. एकेक झाड चाचपून पाहिलं. सगळी निरोगी."

"मग?"

"पंधरा दिवसांनी दुसरी फेरी मारली... आणि अकराच्या अकरा गावांत रोग! एक गाव चुकलं नाही आक्का. सात हार पडले गळ्यात."

खुरपं थांबलं.

"जिथं गेला नाहीस, तिथं?"

"तिथं काहीच नाही," श्रीरंग हसला. "नशीबवान लेकाचे."

हौसाक्का उठली. तो आत यायला निघाला, तसा तिनं हात आडवा केला.

"तिथंच थांब."

खोपीतून ती एक वाटी पाणी आणि लोटाभर दूध घेऊन आली. श्रीरंगची छाती वीतभर फुगली. दूध! हार घालणारे पुष्कळ भेटले. पण दुधानं हात धुवायचा मान आक्कानं आजवर कुणाला दिला होता?

"आधी पाण्यात बोटं चोळ. नीट, नखांतसुद्धा."

त्यानं चोळली.

"आता दुधात."

त्यानं मनगटापर्यंत हात बुडवले. मग संकोचानं, पण फार संकोच न करता, चपला काढून पाय पुढे केले.

"पायही का, आक्का?"

"पायही. आणि चपला तिकडंच राहू दे."

पायांवर थोडं दूध ओतून झालं. श्रीरंग डोळे मिटून त्या शब्दाची वाट पाहत होता.

"पट्टी काढ," हौसाक्का म्हणाली.

"कुठल्या झाडासाठी?"

तिनं पाण्याची वाटी पुढे सरकवली. त्यानं मघाशी बोटं चोळली होती, ती.

"यात पान कुठाय?" तो हसत म्हणाला.

"बुडव."

त्यानं पट्टी बुडवली. एक रेघ उमटली. त्यानं आक्काकडं पाहून मान डोलावली...

मग दुसरी उमटली.

श्रीरंग पट्टीकडं पाहत होता, मग बोटांकडं, मग पुन्हा पट्टीकडं. पहिल्या गावातली चुरगाळलेली पानं आठवली. पुढच्या अकरा गावांतली झाडं आठवली... एकेक, मायेनं चाचपलेली.

"मी कुठंच हात धुतले नाहीत, आक्का."

त्यानं पट्टी वाटीतच सोडली.

"उद्यापासून निघतो. अकराही गावांत सांगतो, रोग मी आणला. लागण झालेली झाडं माझ्या हातानं उपटतो."

"दूध घेऊन जा," ती म्हणाली. "मानाचं नव्हे ते, दुधानं हातावरचा रोग मरतो. दर सरीला हात बुडव."

त्यानं लोटा उचलला, चपला उचलल्या. दहा पावलं गेला. पण औटीच तो, ताठ मानेचा! परत वळला.

"काही म्हणा आक्का... पण हा रोग ओळखला तर सगळ्यांच्या आधी मीच ना?"

हौसाक्कानं खुरपं हातात घेतलं.

"नाही रे. झाडांनी ओळखला, तू बांधावर दिसलास तेव्हाच. त्यांना पळता येत नव्हतं, एवढंच."