दोन डोंगरांचा मध

मधाच्या घड्याकडे सगळे बघतात, डोंगराकडे मान वर करून बघायला कुणालाच वेळ नसतो. ही काही आजचीच तऱ्हा नाही. फार पूर्वी, धुकं माणसांच्या उंबऱ्यावर येऊन बसायचं तेव्हाही असंच होतं.

त्या काळी एका राज्यात दोन डोंगर होते, एक निळा आणि एक पिवळा. दोन्ही मोहोळांनी भरलेले. डोंगर कुणा एकाचे नव्हते. ज्याच्याजवळ काही साठलं, तो डोंगरात वाटा घ्यायचा. वैशाखातल्या पौर्णिमेला मध उतरवला जायचा आणि प्रत्येक वाटेकऱ्याच्या घरी त्याचा हिस्सा पोचायचा.

तिथे एक गायक राहत होता. उतारवयात त्याचा आवाज जायला लागला, पहाटेचं चांदणं जातं तसा, हळूहळू. आता पोट कशावर भरायचं? जवळ होता फक्त राजाने दिलेला सोन्याचा तोडा. त्यात एकाच डोंगराचा वाटा मिळणार होता.

धाकटी बहीण म्हणाली, "दादा, विचार कसला करतोस? पिवळा पाच घडे देतो, निळा दोनच. मी तर माझ्या पाटल्या पिवळ्यावरच दिल्यात."

"एकदा ऐकून येतो," गायक म्हणाला.

"मध ऐकतात होय? गळ्याबरोबर डोकंही चाललं वाटतं तुझं!"

मध उतरवायच्या दिवशी तो पिवळ्या डोंगरावर गेला आणि डोळे मिटून उभा राहिला. तिथला गुंजारव विरळ होता, मध्येच तुटत होता, दम लागलेल्या गवयासारखा. त्याने डोळे उघडले. माणसं पोळी मुळापासून कापत होती. माश्यांसाठी थेंबही उरत नव्हता.

निळ्या डोंगरावर अर्धं पोळं माश्यांना ठेवायची रीत होती. हाती आलेल्या मधातलाही थोडा विकून वाटेकरी माश्यांना फुलं मिळावीत म्हणून जांभळाची रोपं लावत. तिथला सूर भरदार होता, तानपुऱ्यासारखा अखंड. गायक त्यात किती वेळ हरवला, त्यालाच ठाऊक. उतरताना त्याच्या मनगटावर तोडा नव्हता.

दोन घड्यांवर त्याचं साधंसुधं घर चालू लागलं.

मग दुष्काळ पडला. निळ्या डोंगराकडून एकच घडा आला.

"गिऱ्हाईक आहे तोवर वाटा विकून मोकळा हो," बहीण म्हणाली. "माझे बघ, अजून पाच येतात."

गायक पुन्हा वर जाऊन ऐकून आला. सूर मंद झाला होता, पण तुटला नव्हता. त्याने पोटाला चिमटा काढला आणि वाटा तसाच ठेवला.

पुढच्या वैशाखात पिवळा डोंगर गप्प होता. उपाशी माश्या कधीच उडून गेल्या होत्या. बहिणीच्या घरी घडा आला नाही, आणि त्या मुक्या डोंगराचा वाटा फुकटही कुणी घेईना.

निळ्यावर पाऊस परतला. वर्षानुवर्षं लावलेली जांभळं मोठी होऊन मोहरली. गायकाच्या दारात तीन घडे उतरले. त्यातला एक त्याने बहिणीपुढे सरकवला.

दरवर्षीची मिळकत किती मोठी, हे विचारण्याआधी ती देणारं मूळ जिवंत राहतंय का, हे विचारावं.

बहिणीने घड्यात बोट बुडवून चाटलं.

"घडा घेते, दादा," ती म्हणाली, "पण उद्या मला वर ने. ऐकायचं कसं, तेवढं शिकव."