अनसूयेचे ‘हे’

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा नवरा होता. भोळा म्हणजे किती? सासरा म्हणाला, “जावईबापू, हे घर आपलंच समजा.” झालं. दुसऱ्या दिवशी यानं सासऱ्याच्या घराचं दार काढून आणलं. आपल्या घराचं मोडलं होतं ना!

बायको अनसूया मात्र गुणाची. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढायची नाही. “अहो” म्हणून हाक मारायची. अहो म्हणजे आपण, एवढं गेनबाला पक्कं ठाऊक होतं.

जत्रेत तंबूचा सिनेमा आला. शेजारचे तात्या गेनबाला घेऊन गेले. सिनेमातला नवरा दिवसभर राबायचा आणि बायको दुसऱ्याच्याच नादी लागलेली. शेवटी ती घर सोडून गेली. गेनबा ढसाढसा रडला.

“तात्या, त्या नवऱ्याला कळलं कसं नाही हो?”

“कान उघडे ठेवले नाहीत त्यानं. बायकोच्या बोलण्यात कुणाचं नाव येतं, ते ऐकायला नको?”

गेनबानं लगेच कानांवरचा मफलर सोडला आणि कडाक्याच्या थंडीत उघड्या कानांनी घरी आला. सर्दी झाली. पण ऐकू आलं! अनसूया शेजारणीला सांगत होती, “आमच्या ह्यांना कारलं मुळीच चालत नाही. आणि घोरतात किती हे!”

गेनबा हादरला. अहो म्हणजे आपण. मग हा ‘हे’ कोण? घोरतो म्हणे! आपण तर स्वतःला घोरताना कधीच ऐकलं नाही.

त्याला जेवण जाईना. अनसूयेवर त्याचा फार जीव होता. ती सोडून गेली तर आपलं कसं होणार, या विचारानं त्याला हुंदका आला. तो तात्यांकडे धावला.

“तात्या, त्या दुसऱ्या माणसाचं काय करायला पाहिजे?”

तात्यांना वाटलं, स्वारी अजून सिनेमातच आहे. “डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं आणि रंगेहाथ पकडायचं!”

गेनबानं बाजारातून हिरवा रंग आणला. दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. डोळ्यांत करडईचं तेल ओतलं आणि दाराआड उभा राहिला. डोळ्यांपुढे सगळं धूसर.

तेवढ्यात सासू-सासरे आले. दार परत न्यायला. सासू आत गेली, सासरा अंगणात पाय धुवायला थांबला. आतून अनसूया म्हणाली, “बस ना आई, हे येतीलच इतक्यात.”

आणि दारातून एक माणूस आत आला.

गेनबानं झडप घातली. “सापडला! सापडला!”

डोळे मिचकावून बघतो तर सासरा! धोतर हिरवं, टोपी हिरवी, मिशा हिरव्या.

“अहो, काय करताय हे?” अनसूया ओरडली.

“बघा! हे म्हणाली! हिचा कुणी ‘हे’ आहे, मामंजी!”

अनसूयेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ट्रंक उचलली. “चला बाबा. संशय घेणाऱ्या माणसाच्या घरात मी घोटभर पाणीसुद्धा पिणार नाही.”

गलका ऐकून तात्या धावत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“अनसूये, ट्रंक ठेव खाली. आजच्या दिवस नाव घे, पोरी. म्हणजे या शहाण्याला कळेल, हे म्हणजे कोण.”

अनसूयेनं डोळे पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि लाजत उखाणा घेतला,

“गरम गरम भाकरीवर लोण्याचा गोळा,
गेनबारावांचं नाव घेते, माणूस साधाभोळा.”

सगळे हसले. हिरवा सासराही हसला. गेनबा तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे तो ‘हे’ मी?”

“तूच की रे बाबा!”

गेनबा मटकन खाली बसला. “अरे देवा! मी ‘हे’, म्हणजे ‘अहो’ दुसराच कुणीतरी! दुसऱ्याच्या बायकोच्या घरात राहिलो मी! त्याच्या ताटात जेवलो! त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही!”

“अहो, असं काय करता?” अनसूया म्हणाली.

गेनबानं दचकून मागं पाहिलं. “आला वाटतं!”

आणि धोतर सावरत तो जो सुटला! अनसूया ट्रंक टाकून मागे धावली. “अहो! अहो, थांबा!” ती हाक मारी, तसा तो आणखी जोरात पळे.

वेशीपाशी कुणीतरी विचारलं, “अरे गेनबा, एवढा कुणाला घाबरून पळतोस?”

“तिच्या नवऱ्याला! ऐका, त्यालाच हाका मारतेय. सापडला तर माझ्या वतीनं माफी मागा. आणि म्हणावं, बायको फार चांगली आहे, तिला सोडू नकोस!”